परगावातील पान

प्रवासाला निघालेल्या माणसाला घरातील वडीलधारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात : "तिथे जेवणाची सोय काय?" गाडी कोणती, मुक्काम कोठे, काम किती दिवसांचे, हे सारे त्यानंतरचे. जैन कुटुंबात तर या प्रश्नाला अधिकच महत्त्व असते. सूर्यास्ताच्या आत जेवण व्हावे लागते, कंदमूळ वर्ज्य असते, पाणी गाळलेले हवे असते. आणि परगावच्या उपाहारगृहाला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नसते. म्हणून दशम्या, खाकरे, मेतकूट, भडंग असा जिन्नस पिशवीत भरला जातो. ही शिदोरी दोन दिवस पुरते. तिसऱ्या दिवशी काय, हा खरा प्रश्न असतो.

या प्रश्नाला आपल्याकडे दोन जुनी उत्तरे आहेत. एक धर्मशाळेच्या जोडीने चालणारी भोजनशाळा आणि दुसरे घरगुती खाणावळ. पहिली दानशूरांच्या औदार्यावर उभी राहिली. दुसरी कष्टकरी बायकांच्या हातावर आणि उधारीच्या वहीवर. पहिलीचा गौरव समाजात वारंवार होतो आणि तो योग्यच आहे. दुसरीची मात्र फारशी आठवण निघत नाही. ही दुसरी व्यवस्था जेथे सर्वांत मोठ्या प्रमाणावर नांदली, तो भाग म्हणजे मुंबईचे गिरणगाव. आणि त्यातही लोअर परळ. गिरण्यांच्या जागी आज तेथे काचेचे मनोरे उभे आहेत. परंतु खेड्यातून आलेल्या लक्षावधी माणसांना "जेवावे कोठे" याचे उत्तर याच वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या दिले.

धर्मशाळेची पंगत

मुंबईत येणाऱ्या जैन यात्रेकरूची आणि व्यापाऱ्याची सोय दक्षिण मुंबईत पूर्वीपासून होती. सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ उभारली. परक्या शहरात उतरलेल्या माणसाला अंग टेकायला जागा आणि आपल्या आचारधर्माचे वातावरण मिळावे, हा त्यामागचा हेतू. हेच माणिकचंद शेठ खेड्यांतून शहरात शिकायला येणाऱ्या मुलांच्या वसतिगृहांसाठीही झटले. घराबाहेर पडलेल्या मुलाच्या जेवणाची काळजी मिटली, तरच त्याचे शिक्षण पुढे सरकते, हे त्यांनी ओळखले होते.

ग्रामीण महाराष्ट्रातील तीर्थक्षेत्री हीच परंपरा भोजनशाळेच्या रूपाने दिसते. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगल्याजवळ कुंभोजच्या डोंगरावर बाहुबली आहे, नाशिकजवळ गजपंथा आहे, मराठवाड्यात कुंथलगिरी आहे. अशा ठिकाणी प्रवाशाला पदार्थांची चौकशी करावी लागत नाही. कांदा-लसूण नाही, शेवटची पंगत सूर्यास्तापूर्वी उठणार आणि पाणी गाळलेले असणार, हे गृहीतच असते. साधे वरण, भात, पोळी, एखादी भाजी. या पानाची किंमत कुपनावर छापलेल्या आकड्याहून अधिक असते. उरलेला भार कोणा अनामिक दात्याने उचललेला असतो. चार दानांमध्ये आहारदानाची गणना होते, ती उगाच नव्हे.

मात्र धर्मशाळा ही पाहुण्यासाठी असते. चार दिवसांसाठी आलेला माणूस तेथे सामावतो. जो तीस वर्षांसाठी आला, ज्याचे घर गावी आणि हात गिरणीत राहिले, त्याने काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर दानातून निघण्यासारखे नव्हते.

घंटा आणि भोंगा

मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. कापसाच्या व्यापारात नावारूपाला आलेले प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला मातोश्रींचे नाव दिले. राजाबाईंची दृष्टी गेली होती. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा त्यांचा नेम होता. मनोऱ्याच्या घंटेवरून त्यांना संध्याकाळची वेळ कळत असे, अशी कथा या मनोऱ्याविषयी सांगितली जाते. जेवणाच्या वेळेशी जोडलेली इतकी उंच वास्तू दुसरी क्वचितच असेल.

त्याच काळात शहराच्या उत्तर भागात आणखी एक आवाज लोकांच्या जेवणाच्या वेळा ठरवू लागला होता. मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांच्या पुढाकाराने १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी, लोअर परळ हा सारा टापू चिमण्यांनी भरून गेला. येथे घंटा नव्हती, भोंगा होता. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी मध्यरात्रीची. रात्रपाळी करून सकाळी परतणारा माणूस आणि मध्यरात्री सुटणारा माणूस, दोघांनाही भूक लागलेली असे. सूर्य कोठे आहे, याच्याशी त्या भुकेचा संबंध उरलेला नव्हता.

हे कामगार आले ते रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर आणि घाटावरच्या इतर भागांतून. त्यांतले बहुसंख्य पुरुष एकटे राहत. बायको, मुले, म्हातारे आईवडील आणि तुटपुंजी शेती गावीच राही. लोअर परळच्या डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या बत्तीस चाळी होत्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. अशा चाळींमधून अनेक गावांनी मिळून आपापल्या खोल्या घेतल्या. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या बाजूच्या खेड्यांच्या गावकीच्या खोल्या यासाठी प्रसिद्ध आहेत. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर अंथरूण पसरी. अशा खोलीत झोपणे जमत होते. वीस माणसांनी तेथे चूल मांडणे शक्य नव्हते.

मेंबर, खाडा आणि वही

म्हणून शेजारच्या चाळीतील एखाद्या घरात खाणावळ सुरू होई. खाणावळ चालवणारी बाई बहुधा कामगाराचीच पत्नी किंवा विधवा असे. काही जणी स्वतः कधीकाळी गिरणीत काम केलेल्या होत्या. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, रॉकेलचा स्टोव्ह आणि पंधरा-वीस "मेंबर". खाणावळीत जेवणाऱ्याला ग्राहक म्हणत नसत. तो मेंबर असे. दोन वेळचे जेवण, महिन्याचा ठरलेला दर. गावी गेला किंवा आजारी पडला तर तेवढे दिवस "खाडा" धरून पैसे वजा होत. हिशेब पगार झाल्यावर व्हायचा. तोवर सारे वहीत.

पहिल्या पाळीचे डबे सातच्या आत भरायचे, म्हणून त्या घरात पहाटे चारला पीठ भिजत असे. दुपारी पंगत, संध्याकाळी पंगत आणि दुसरी पाळी सुटल्यावर मध्यरात्रीनंतरही एखाद्याचे झाकून ठेवलेले पान. भाकरी किंवा चपाती, आमटी, भात, भाजी. बहुतेक ठिकाणी ठराविक वारी मासळी-मटणही असे. पण गळ्यात तुळशीची माळ असलेल्या मेंबराचे पान त्या दिवशी निराळे मांडले जाई. हे उपाहारगृहात घडत नाही. घरच्या चुलीपाशी मात्र ते सहज घडते, कारण तेथे जेवणारा माणूस नावाने ठाऊक असतो. कोणाला तिखट चालत नाही, कोणाची एकादशी आहे, कोणाच्या घरून वाईट बातमी आली आहे, हे वाढणाऱ्या हाताला माहीत असते.

आहाराचे नियम पाळणाऱ्या कोणत्याही समाजाला यातील मर्म चटकन कळेल. परगावी नेम सांभाळणे हे जेवणाऱ्याच्या निश्चयावर अवलंबून असते, तितकेच ते वाढणाऱ्याच्या जाणिवेवरही असते. ती जाणीव विकत मिळत नाही, परिचयातून येते.

या परिचयाची किंमत मात्र त्या बायकाच मोजत होत्या. मेंबराचा पगार महिन्याने होणार आणि वाण्याचे पैसे आधी द्यायचे. मधल्या काळात धान्य उधार आणायचे, म्हणजे वाणी सांगेल तो भाव आणि देईल ते धान्य. तेही पुरले नाही की सावकार; आणि सावकारापुढे मंगळसूत्र किंवा भांडी. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबूनही व्याज फेडण्यापलीकडे हाती काही उरत नसे. शिवाय या कामाला कोणी काम म्हणत नव्हते. गिरणीत सूत कातणारा कामगार होता. त्याला जेवू घालणारी मात्र "घरीच असते" असे म्हटले जाई.

अन्नपूर्णा

ही परिस्थिती ज्यांनी जवळून पाहिली, त्यांत प्रेमा पुरव यांचे नाव आदराने घ्यावे लागते. गोव्याच्या मुक्तिलढ्यात कोवळ्या वयात गोळीने जखमी झालेल्या प्रेमाताई पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत आल्या. संपाच्या दिवसांत कामगार उधारीवर जेवतो आणि त्या उधारीचा भार सभेत कधीच न बोलणाऱ्या बाईवर पडतो, हे त्यांच्या लक्षात आले. १९७५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना झाली.

मंडळाने केलेली पहिली गोष्ट अगदी व्यवहाराची होती. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झाले होते. दुर्बल घटकांना चार टक्के व्याजाने, तारणाशिवाय कर्ज देण्याची सरकारी योजना १९७२ पासून अस्तित्वात होती. परंतु खाणावळवाली बाई बँकेची पायरी चढत नव्हती आणि बँकेला ती दिसत नव्हती. मंडळाने बायकांचे गट बांधले. एकीने दुसरीची हमी घ्यायची, हप्ता वेळेवर भरायचा, कोणी अडली तर गटाने सांभाळायचे. सावकाराकडे गहाण पडलेल्या बायकांना प्रथमच आपल्या नावाचे पासबुक मिळाले. धान्य रोखीने, एकगठ्ठा घेता येऊ लागले आणि वाण्याची अडवणूक सैल झाली. पुढे या कामाला प्रशिक्षणाची जोड मिळाली, आणि नवी मुंबईत वाशीपर्यंत मंडळाचा व्याप वाढला. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री देऊन गौरवण्यात आले.

गिरगावात १९५९ मध्ये सात जणींनी ऐंशी रुपयांच्या उसन्या भांडवलावर लाटलेल्या पापडातून "लिज्जत" उभे राहिले, ही कथा सर्वश्रुत आहे. अन्नपूर्णेची कथा तिची धाकटी बहीण म्हणावी अशी आहे. फरक इतकाच की पापड डब्यात भरून दूर जातो आणि त्यावर नाव छापता येते. खाणावळीची भाकरी ताटात पडते आणि संपते.

वहीत राहिलेली बाकी

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. दिवस गेले, महिने गेले, वर्ष उलटले. संप मागे घेतल्याची औपचारिक घोषणा कधी झालीच नाही. तो विरत गेला. अनेक गिरण्यांचे दरवाजे पुन्हा उघडले नाहीत.

पगार थांबले तेव्हा वहीतली बाकी वाढू लागली. खाणावळवाल्या बायकांसमोर दोन वाटा होत्या : पान बंद करायचे किंवा वाढत राहायचे. पुष्कळ जणींनी वाढत राहण्याची वाट धरली. दहा-दहा वर्षे आपल्या हातचे जेवलेल्या माणसाला "पैसे आण, मग ये" असे म्हणणे त्यांना जमले नाही. कोणी आमटी पातळ केली, कोणी स्वतःचे पान कमी केले, कोणी पुन्हा दागिने गहाण टाकले. पुढे कामगार गावी परतले. काहींनी शेत पिकल्यावर पैसे पाठवले. काहींना ते कधीच शक्य झाले नाही. मुंबईच्या इतिहासात संपाची नोंद आहे, त्यात बुडालेल्या उत्पादनाची आकडेवारी आहे. किती खाणावळींच्या वह्या बाकी न फिटता मिटल्या, त्याचा आकडा मात्र कोणी काढलेला नाही.

मनोऱ्यांच्या सावलीत

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा नवा वापर खुला केला. फिनिक्स मिलच्या आवारात बाजार-संकुल उभे राहिले. कमला मिल, मथुरादास मिल, रघुवंशी मिल ही नावे कचेऱ्यांच्या आणि उपाहारगृहांच्या पत्त्यांत उरली. आज लोअर परळला जेवण्याच्या जागांचा तोटा नाही. जगातील बहुतेक सर्व पाककृती तेथे मिळतात. परंतु अन्न देणारी जागा सुरक्षित असावी, ही पहिली अटही कधी कधी विसरली जाते. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि चौदा जणांचे प्राण गेले. जेवायला गेलेली माणसे घरी परतली नाहीत, याहून दुःखद गोष्ट कोणती?

त्याच भागात नोकरी करणाऱ्या जैन तरुण-तरुणींची अडचण निराळी आहे. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जुलैच्या आरंभी तो सव्वासातनंतरही दिसतो. कचेरी सहा-सातला सुटते, लोअर परळला जलद लोकल थांबत नाही आणि घर विरार किंवा डोंबिवलीला. हिवाळ्यात चौविहार पाळायचा तर कचेरीतच पाच-साडेपाचला डबा उघडावा लागतो. काही जण सकाळीच दोन डबे बरोबर घेतात. काही जणांना आसपासच्या एखाद्या गृहिणीकडून सायंकाळचे जेवण मिळते. म्हणजे शंभर वर्षांनी तोच प्रश्न, त्याच रस्त्यावर, आणि उत्तरही बरेचसे तेच : कोणा ओळखीच्या हातचे, वेळेवर आलेले, आपल्या नेमाचे पान.

प्रवाशाने काय करावे

सुटीत कुटुंबासह तालुक्याच्या गावी जाणाऱ्या वाचकांना या साऱ्यातून काही व्यवहाराच्या गोष्टी घेता येतील.

तीर्थक्षेत्रातील भोजनशाळेत जायचे असल्यास आदल्या दिवशी माणसांची संख्या कळवावी आणि शेवटच्या पंगतीची वेळ विचारून घ्यावी. ती ऋतूप्रमाणे बदलते. पानात तेवढेच घ्यावे, जेवढे संपेल. कुपनाचे पैसे हे त्या जेवणाचे पूर्ण मोल नव्हे, हे लक्षात ठेवून भांडारात यथाशक्ती भर घालावी.

जेथे भोजनशाळा नाही, तेथे एसटी स्थानकासमोरच्या झगमगीत फलकापेक्षा मागच्या गल्लीतील घरगुती खाणावळ शोधावी. मात्र तेथे ऐन वेळी न जाता सकाळीच जाऊन सांगावे. वाटण एकदा वाटले गेले की कांदा-लसणाविना जेवण मागून उपयोग नसतो. कोल्हापूर-सांगली भागात तर आणखी एक दक्षता हवी. तिकडे वर्षाचा तिखट मसालाच कांदा-लसूण घालून केलेला असतो. त्यामुळे "भाजीत कांदा घालू नका" एवढे सांगणे पुरत नाही. "साधे लाल तिखट वापरा" असे स्पष्ट सांगावे. मुगाची आमटी, ज्वारीची भाकरी, कांद्याविना पिठले आणि दही एवढे मागितले, तर बहुतेक घरांतून ते आनंदाने मिळते. जेवायला किती वाजता येणार, हेही सांगावे आणि त्या वेळेला पोहोचावे. तुमच्यासाठी कोणीतरी आपली नेहमीची वेळ मोडून सूर्यास्तापूर्वी चूल पेटवलेली असते.

आणि हिशेब तेथल्या तेथे, रोखीने, घासाघीस न करता पुरा करावा. भोजनशाळेमागे दाता उभा असतो. खाणावळीमागे कोणीच नसतो. तिचे भांडवल म्हणजे आज सकाळी आणलेले पीठ आणि उद्या ते पुन्हा आणता येईल हा विश्वास. लोअर परळच्या बायकांनी तो विश्वास दोन वर्षे एकतर्फी सांभाळला आणि त्याची किंमत त्यांच्या मुलाबाळांनीही मोजली.

प्रवासाला निघताना "जेवणाची सोय काय" असे विचारण्याची आपल्या घरांतील रीत चांगली आहे. परतल्यावर आणखी एक प्रश्न विचारण्याची रीत पडली, तर ती पूर्ण होईल : "जिच्या हातचे जेवलास, तिचे पैसे देऊन आलास ना?"